वास नसलेला दवणा

आयुष्यात मी एकच झाड मनापासून लावलं, आणि नेमकं तेच लावायला नको होतं. ही गोष्ट मी सरांना सांगायला हवी होती. तेव्हा सांगितली नाही, आणि आता सर राहिलेले नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्या वर्षांत मी गिरगावातल्या एका कॉलेजात झाडं शिवायचं काम करत होतो. हे ऐकून लोक हसत, अजूनही हसतात. काम असं होतं. टीपकागदात दाबून वाळवलेली रोपटी जाड पांढऱ्या कागदावर मांडायची आणि देठाला, मुळाला, फांदीच्या बेचक्यात चार-पाच टाके घालून ती पक्की बसवायची. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची: झाडाचं नाव, कुठे सापडलं, कधी, कुणी आणलं. मग तो कागद कपाटात, त्याच्या कुळाच्या खणात. सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मला नोकरीवर घेताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "सुई धरता येते का?" येत होती. माझी आई वाकळ शिवायची तेव्हा समोरून दोरा ओढायला मी बसायचो, तिचा टाका माझ्या हातात होता. मॅट्रिकचे मार्क मात्र दाखवण्यासारखे नव्हते, ते त्यांनी पाहिले नाहीत हे बरंच झालं.

राहायला लालबागेत होतो, गावकीच्या खोलीत. आमच्या साताऱ्याकडच्या गावातली चौदा माणसं त्या एका खोलीत राहत. भिंतीला लागून चौदा ट्रंका, वर वळकट्या. तेरा जण गिरणीत आणि चौदावा मी. गिरणीवाल्यांची पाळ्यांप्रमाणे झोप आणि जाग ठरलेली. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा व्हायचा. माझी वेळ कुणाशीच जुळत नसे. मी संध्याकाळी ट्राममधून उतरून यायचो तेव्हा निम्मे कामावर आणि निम्मे घोरत. चपला हातात घेऊन, माणसं ओलांडत आपल्या ट्रंकेपाशी जायचं आणि गुडघे जवळ घेऊन बसायचं. खानावळवालीच्या दारात जेवताना तेवढे दोन शब्द व्हायचे, तेही आमटीबद्दल. चौदा माणसांच्या खोलीत मी एकटा होतो, आणि हे कुणाला सांगणार? त्यांना वाटे, शिकलेला आहे, अंग राखून असतो.

रविवारी मी चालत शिवडीच्या बाजूला जायचो. आठवडाभर मेलेली झाडं हाताळायची, निदान एक दिवस जिवंत गवत बघावं. तिथे धान्याच्या गोदामांमागे मोकळी जागा होती. फाटकी पोती झटकून तिथेच कचरा टाकत, त्यामुळे गहू, राळा, काय काय उगवलेलं असे. पावसाळा सरल्यावर एका रविवारी तिथे मला एक रोप दिसलं. पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, बारीक कातरलेली, वर मऊ लव. मी तिथेच उकिडवा बसलो. आमच्या विहिरीशेजारी वडिलांचा दवण्याचा वाफा होता. चैत्रात देवाला वाहायला आख्खा गाव त्या वाफ्यातून दवणा नेई. वडील गेले, विहिरीचं पाणी खाली गेलं आणि वाफा करपला. आई एकटी ज्वारीचं रान बघत होती, तिला दवणा कुठून जमायचा? आणि हे रोप इथे, शिवडीला, कुणी न लावता उगवून आलेलं. मला एकदम भरून आलं.

पान चुरगाळून वास घेतला. वास नव्हता. नाही म्हणायला थोडा कडवट दर्प होता. दवण्याची एक काडी खिशात असली तरी सदरा दोन दिवस घमघमतो, हे मला काय माहीत नव्हतं? तरी मी ते रोप मुळासकट काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खोलीवर आणलं.

रविवार असल्यामुळे सात-आठ जण जागे होते. रोप हातोहात फिरलं. प्रत्येकाने पान चुरगाळलं, नाकाला लावलं आणि पुढच्याच्या हातात दिलं. शेवटी ते जॉबरमामांकडे आलं. मामा खोलीतले सगळ्यांत वडीलधारे, गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "दवणाच हाय. मुंबईचं पानी लागलंय त्येला. हितं कोथिंबिरीला तरी कुटं वास ऱ्हातो?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. वांगं बेचव का, पाणी जड का, झोप पुरत का नाही, या सगळ्याला आमच्या खोलीत तेच एक उत्तर होतं. मी दिवसभर भिंगातून पानांच्या कडा बघणारा माणूस. हेच रोप कागदावर माझ्यासमोर आलं असतं तर "सर, हे दुसरं काहीतरी आहे" असं मीच पहिल्यांदा म्हटलं असतं. पण ते कागदावर आलं नव्हतं. डालड्याच्या डब्यात माती भरून मी ते गॅलरीच्या कठड्याला बांधलं.

कामावरून आलो की आधी डबा बघायचो. त्यातून माझं खोलीत बोलणं सुरू झालं. कुणी झोपेतून उठून विचारायचा, "काय रं, दवन्याला पानी घातलंस?" कुणी गॅलरीत येऊन उगीच पानं मोजायचा. चैत्र आला तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीमुळे लालबाग-परळात रोज काहीतरी बंद असे. नाक्यावर पोलीस, दुकानांना फळ्या, फुलवाल्यांचा पत्ता नाही. गावच्या जत्रेला जायला कुणाला रजा मिळाली नव्हती. मामांनी आंघोळ करून माझ्या डब्यातली दोन पानं खुडली आणि भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीला वाहिली. तेरा गिरणीवाले आणि मी, एका वेळी सगळे जागे असल्याचं मला त्या बंदच्याच दिवशी दिसलं. मी फार खुशीत होतो.

तोवर झाड हातभर उंच होऊन फुललं होतं. फुलं पांढरी, तांदळाच्या कण्यांएवढी. दवण्याचं फूल पिवळसर असतं. ते मला दिसत होतं आणि मी त्याकडे काणाडोळा करत होतो. फुलं वाळल्यावर बी झडलं, बारीक आणि काळं. ते मी जुन्या धोतराच्या चिंधीत बांधलं. मे महिन्यात मामा गावी निघाले तेव्हा गाठोडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आईला सांगा, बांधावर टाक. वडलांचा वाफा पुन्हा होईल."

पावसाळ्यानंतर आईचं पोस्टकार्ड आलं. तिला लिहिता येत नसे, शाळेतले गुरुजी लिहून देत. "दवणा जोरात लागला आहे. पाणी कमी पडले तरी मरत नाही. गुरेही तोंड लावीत नाहीत. तू कधी येशील?" ते कार्ड मी आठवडाभर सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडलो. शेवटचं वाक्य मात्र मी दरवेळी भरभर वाचायचो. मुंबईला आल्यापासून पाच वर्षांत मी दोनदाच गावी गेलो होतो. रजा नाही, चळवळ चालू आहे, गाड्यांचा भरवसा नाही, अशी कारणं माझ्याकडे तयार असत.

त्याच थंडीत कॉलेजात टपालाने एक पुडकं आलं. पुण्याकडच्या एका शेतकऱ्याने वर्तमानपत्रात गुंडाळून एक वाळलेलं झाड पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी होती. ज्वारीत हे घुसलं आहे, उपटलं तरी येतं, जनावर खात नाही, आमच्याकडे याला नाव नाही, हे काय आहे ते कळवावं. सरांनी पुडकं माझ्या टेबलावर सोडलं आणि म्हणाले, "बघा बरं, आपल्या कपाटात याचा कुणी भाऊबंद सापडतो का."

वर्तमानपत्राच्या घडीतून बाहेर आलेलं झाड मी लगेच ओळखलं. तरी मी साळसूदपणे कपाटं उघडली, खण काढले, शेवंतीच्या कुळातला एकेक कागद पुडक्यातल्या झाडाशेजारी ठेवून पाहिला. दवण्याचाही कागद काढला. तो मीच शिवला होता, वर्षापूर्वी. शिवण्याआधी दवणा किती वर्षं दाबून ठेवलेला होता कुणास ठाऊक, तरी खण उघडल्यावर मंद वास आलाच. दोन्ही झाडं शेजारी शेजारी ठेवली. कुठल्याही शेंबड्या पोरानेसुद्धा त्यांना एक म्हटलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी नुसते कागद वर-खाली करत होतो आणि सरांना म्हणत होतो, "सापडत नाही, सर."

दुसऱ्या दिवशी डबा टॉवेलमध्ये गुंडाळून ट्राममधून नेला. आधीच्या झाडाचं बी डब्यातच पडून नवं झाड वाढलं होतं, तेही फुललेलं. "हे शिवडीला गोदामामागे मिळालं, सर. पुडक्यातलं हेच असावं." सर खुर्चीतून उठलेच. भिंग घेऊन एक कणी त्यांनी सुईने उलगडली. "हे बघा, पाच कोपऱ्यांवर पाच पाकळ्या. आणि बी बघा, काळं, त्याला दोन पांढरे कान." मोठमोठी पुस्तकं उघडली गेली, पत्रं गेली, उत्तरं आली. महिन्याभराने नाव लागलं, पार्थेनियम. समुद्रापलीकडचं झाड, कदाचित धान्याबरोबर आलेलं. गाजरगवत हे नाव त्याला लोकांनी पुढे दिलं.

त्या पहिल्या दिवशीच सर म्हणाले होते, "शाबास. तुमची नजर तयार झाली." मला कुणी शाबास म्हटल्याला फार वर्षं झाली होती. मग नाव लागल्यावर त्यांनी सांगितलं की हे एकदा रानात शिरलं की पिकाला उठू देत नाही, बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं आणि हाताला लागलं तर कातडी फुटते. डबा बाजूला सारून त्यांनी सहज विचारलं, "याचं बी कुणाला दिलं नाहीत ना?"

"नाही, सर," मी म्हणालो.

इतकं पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. खरं सांगितलं असतं तर शाबासकी परत द्यावी लागली असती, एवढंच कारण होतं. त्या झाडाचा कागद मीच शिवला. चिठ्ठीवर "शिवडी, गोदामामागे" असं लिहिलं. सर इतर ठिकाणांची यादी करत होते, कुठे कुठे हे पोचलं आहे याची. त्या यादीत माझं गाव कधीच आलं नाही.

सरांनी त्या शेतकऱ्याला उत्तर लिहिलं, ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. फुलण्याआधी मुळासकट उपटावे, हाताला फडके बांधावे, ढीग करून जाळावे, एका वर्षात भागत नाही. मी एक नक्कल आईसाठी काढली आणि पाकिटात घातली. मग लक्षात आलं की ती वाचून दाखवणार गुरुजी. म्हणजे मुंबईला कॉलेजात कामाला असलेल्याने आईच्या रानात काय पेरलं हे पारावर सगळ्यांना कळणार. पाकीट ट्रंकेत ठेवलं आणि रजेचा अर्ज दिला.

एस.टी.तून उतरून मी घरी न जाता आधी रानात गेलो. बांध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा झाला होता, आणि बांधावरून खाली ज्वारीत चार-पाच ओळी आत शिरलं होतं. आई तिथेच होती. मला बघून तिने आधी डोईवरचा पदर नीट केला, पाहुणा आल्यासारखा.

"आई, हा दवणा नव्हे," मी म्हटलं. वाटेत ठरवलेली प्रस्तावना विसरूनच गेलो.

"ठावं हाय," ती म्हणाली. "वास कुटं हाय त्येला?"

"मग पाणी कशाला घातलंस?"

"तू धाडलावतास."

एवढंच. मग तिने पदराची दोन फडकी फाडली, एक माझ्या हाताला बांधलं आणि एक स्वतःच्या. आम्ही उपटायला लागलो. सहा दिवस लागले. तिच्या मनगटावर पुरळ उठलं, तिने त्यावर खोबरेल लावलं आणि पुन्हा कामाला लागली. ओळीने बसून उपटताना ती बोलायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेचं काय झालं, वडील मला खांद्यावर घेऊन कुठे कुठे जायचे. दुपारी बांधावर भाकरी आणि ठेचा. माझ्या त्या सगळ्या वर्षांत मी इतका सुखात कधी नव्हतो, आणि हाताने उपटत होतो ते संकट मीच धाडलेलं होतं. निघताना मी सांगितलं, "बी मातीत राहिलंय. पुढच्या वर्षी पावसाळा सरला की परत यावं लागेल."

"ये की," ती म्हणाली. तिचा चेहरा मी नीट बघितला नाही, एस.टी. आली होती.

पुढच्या वर्षी गेलो. झाडं कमी होती, तीन दिवसांत रान साफ झालं. कारण पक्कं असल्यामुळे रजा मागायला मला अडचण वाटेना. सरांना म्हणायचो, शेतीचं काम आहे. खोलीवर मात्र डबा नव्हता, त्यामुळे विचारपूसही थांबली. मामांनी एकदा "दवन्याचं काय झालं रं?" असं विचारलं. "मेला" म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुंबईचं पाणी, दुसरं काय. मी पुन्हा चपला हातात घेऊन माणसं ओलांडायला लागलो.

तिसऱ्या वर्षी गेलो तेव्हा बांधावर एकही झाड नव्हतं. मी खूश होऊन रानाला दोन फेऱ्या मारल्या. संध्याकाळी गोठ्यामागे शेणी आणायला गेलो, तर शेणींच्या उडव्याआड एक फुटकी घागर होती. तिच्यात ओली माती आणि एक झाड, चांगलं कमरेएवढं, फुलांनी भरलेलं.

माझा संताप झाला. मी आईवर असा कधी ओरडलो नव्हतो. "एवढं सांगून कळत नाही तुला? हे बी उडालं तर तुझं रान जाईल, शेजाऱ्याचं जाईल, गाव जाईल! आणि तू त्याला पाणी घालतेस?"

ती भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "येक तरी आसू दे म्हनलं. समदं उपाटलं तर तू कशाला येशील?"

"असं काय बोलतेस, येईन की!" मी म्हटलं. अजून रागातच होतो. झाड उपटलं, घागर फोडली, माती चुलीच्या राखेत मिसळली आणि झाड तिच्यासमोर चुलीत घातलं. ओलं होतं, धूर फार झाला. तिने डोळे पुसले, ते धुरामुळे असं मी धरून चाललो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात संयुक्त महाराष्ट्र झाला. लालबागेत गुलालाने रस्ते लाल झाले, खोलीतले सगळे खाली नाचत होते. मी गॅलरीत उभा होतो. कठड्याला डबा बांधलेली तार अजून तशीच होती. पावसाळा सरल्यावर आईचं कार्ड आलं, गुरुजींच्या अक्षरात. "रान साफ आहे. शोधूनही एक झाड सापडत नाही. तू उगाच रजा घालवू नये. माझी प्रकृती ठीक आहे."

ते वाचून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, लबाडी पचली, गाव वाचलं. मी कार्ड ट्रंकेत त्या जुन्या पाकिटावर ठेवून दिलं आणि त्या वर्षी गेलो नाही. जायला काही काम नव्हतं.

माघात तार आली. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. दहावा झाल्यावर शेजारची काकू दाराशी येऊन बसली. ती मला लहानपणापासून ओळखत होती. म्हणाली, "पाऊस उघडल्यापासनं रोज बांधानं हिंडत हुती रं तुजी आई. म्या म्हनलं, काय हुडकतीस? तर म्हनं, त्ये पांढरं झाड. येक तरी घावलं तर पोराला कळवाया बरं. घावलंच न्हाई."

घावणार कसं? मी मुळासकट उपटलं होतं.